नम्रता नेमकी कोणी शिकायची? (ख्रिस्तजन्म, गोठे आणि गोव्यातले आपण)

नगरकर_मडगावात | १७ डिसेंबर, रात्री १०:१२

मंडळी, नाताळ आठवड्यावर आला. मडगावात स्थिरावलो तरी इथल्या डिसेंबरचं नवल काही संपत नाही. आमच्याकडे नगरला नाताळ म्हणजे पहाटेची उपासना, पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आणि घरोघरी करंज्या. इथे वाड्यावाड्यावर नखेत्रं (चांदणीचे आकाशकंदील) लागतात, इगर्जेपुढे (चर्चपुढे) आणि पोरांच्या क्लबांपुढे ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचे गोठे उभे राहतात. ताटात नाचणी पेरून तिची कोवळी हिरवळ गोठ्यात मांडतात, ते तर मला फार आवडतं. स्पर्धेतल्या गोठ्यांना मोटरवर चालणारा धबधबा असतो, माना हलवणारी मेंढरं असतात. असू देत. पोरं रात्र रात्र जागून करतात.

माझा प्रश्न गोठ्यापुढे होणाऱ्या उपदेशाबद्दल आहे. दरवर्षी, जवळजवळ सगळ्या पंथांत, थोड्याफार फरकाने हेच कानावर येतं: प्रभू गोठ्यात जन्मला, म्हणून आपणही नम्र राहावं, आहे त्यात समाधान मानावं. यातलं पहिलं अर्धं शुभवर्तमानातलं आहे. दुसरं कुठून आलं?

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सावकाश वाचा. हकिगत सुरू होते रोमन सम्राट कैसर औगुस्ताच्या हुकमाने. साम्राज्याला माणसांची नोंद हवी, म्हणून नासरेथचं एक जोडपं, बाईचे दिवस भरत आलेले, सव्वाशे-दीडशे किलोमीटर चालून बेथलेहेमला जातं. उतरायला जागा नाही, बाळ गव्हाणीत. पुढे मंदिरात अर्पण करायला जातात तेव्हा लूक सांगतो, होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्लं. आता जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा बारावा अध्याय काढा. नियम कोकराचा आहे, आणि ज्या बाळंतिणीला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी ही पाखरांची सवलत आहे. त्या घराची ऐपत लूकने एवढ्यातच सांगून टाकली.

मग पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय. जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने ते धरून ठेवलं नाही, स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. ही उतरण्याची गोष्ट आहे, आणि उतरायला माणूस आधी वर असावा लागतो. जो मुळात खालीच आहे त्याला "खाली ये" म्हणून काय सांगणार? मला असं वाटू लागलंय की ख्रिस्ताच्या दीन जन्माचा धडा पहिल्यांदा त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी आहे: जागा, मान, घर, नाव. आणि ते सोडायचं म्हणजे रोजच्या जगण्यात नक्की काय करायचं, तिथे मी अडलोय. बोला.

डिचोलकर | १७ डिसेंबर, रात्री १०:५५

नाचणीचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे घटस्थापनेला धान्य रुजत घालतात. माझी आई शेजारच्या मारियाबायला नाताळाआधी नाचणी नेऊन द्यायची आणि म्हणायची, "तुमचा देव पण हिरवळीवरच बसतो."

मी हिंदू, त्यामुळे जपून विचारतो. कृष्णही तुरुंगात जन्मला. आईबाप बेड्यांत, बाहेर कंस. हीनदीन जागी देव जन्माला येणं आपल्या मातीत नवं नाही. मग ख्रिस्ती मंडळींना यात वेगळं काय दिसतं?

तर्कट | १७ डिसेंबर, रात्री ११:२०

धागा छान, पण पाया तपासूया. मत्तयचं शुभवर्तमान म्हणतं जन्म हेरोद राजाच्या काळात. हेरोद इसवी सन पूर्व ४ मध्ये वारला, असं बहुतेक इतिहासकार धरतात. लूक ज्या कुरेन्याची (सुरियाच्या रोमन सुभेदाराची) शिरगणती सांगतो ती ज्यू इतिहासकार जोसेफसच्या हिशेबाने इसवी सन ६ ची. मध्ये दहा वर्षांची दरी. गोठ्यातले बैल आणि गाढव दोन्ही शुभवर्तमानांत नाहीत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायावरून मागाहून आत शिरलेत. गोष्टच अशी रचलेली असेल तर तिच्यावरून जगायचं कसं, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो.

नगरकर_मडगावात | १८ डिसेंबर, सकाळी ७:३०

तर्कटराव, तारखांची अडचण खरी आहे. ती सोडवायचे बरेच प्रयत्न झालेत, मला एकही पुरता पटलेला नाही. बैल-गाढवाचंही बरोबर.

पण लूकने कैसराचं नाव आत आणलं ते का, हे बघण्यासारखं आहे. आशिया मायनरात प्रीएने इथे इसवी सन पूर्व ९ चा एक शिलालेख मिळालाय. त्यात औगुस्ताला तारणारा म्हटलंय, आणि त्याचा जन्मदिवस हा जगासाठी सुवार्तेचा आरंभ, म्हणून वर्षाची सुरुवात त्या दिवसापासून करावी असं ठरवलंय. त्याच जगात बसून लूक लिहितो की सुवार्ता आणि तारणारा ही बातमी देवदूताने रानात रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना दिली, आणि खूण म्हणून सांगितली गव्हाणी. कैसराच्या दरबारात हे वाचलं गेलं असतं तर ते कोणाला गोड लागलं नसतं. आता शिरगणतीचं साल चुकलं असेल, पण त्याचं म्हणणं काय आहे याबद्दल मला शंका राहत नाही.

बार्देसची_बाय | १८ डिसेंबर, सकाळी ११:०५

डिचोलकरबाब, विचारलंत ते बरं केलंत. मी कॅथलिक, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. प्राथमिक शिक्षण मराठीतून, म्हणून इथे वाचत असते. (१६१६ साली राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथा छापली ती मराठी ओव्यांत, आणि सासष्टीच्या इगर्जींत ती भाविकांपुढे वाचली जायची. त्यामुळे या विषयावर मराठीत लिहिताना मला परकं वाटत नाही.)

कृष्णजन्माबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण मला जाणवतं ते सांगते. कृष्ण त्या रात्रीच यमुनेपलीकडे जातो, नंदाच्या घरी लाडात वाढतो आणि पुढे कंसाला मारतो. इथे हेरोद मरतो तो आपल्या मरणाने. बाळाला घेऊन आईबाप मिसर देशात (इजिप्तमध्ये) पळतात, परक्या मुलखात आसरा शोधतात. परत येऊन तोच मुलगा जवळजवळ तीस वर्षांचा होईपर्यंत नासरेथसारख्या आडगावात सुताराच्या घरी राहतो. पुढे खुर्सावर (क्रुसावर) मरण, तेही गुन्हेगाराचं. गव्हाणीतली दीनता पहिल्या प्रसंगानंतर संपत नाही, ती शेवटपर्यंत चालते. आमच्या श्रद्धेत देव वेश पालटून आलेला नाही, तो खरोखरच तसा जगला. थोरवी आणि लहानपण यांतली निवड आम्ही करत नाही. लहान होणं हीच त्याची थोरवी, असं मानतो.

गोठ्याविषयी एक. संत फ्रान्सिस आसिसीकरांनी इटलीत ग्रेच्चो गावी १२२३ साली जो गोठा केला त्यात मूर्ती नव्हत्या. गव्हाणी, गवत, खराखुरा बैल, खरंखुरं गाढव, आणि तिथे मिसा (कॅथलिक उपासना). बघायला आलेली माणसंच त्या गोष्टीतली माणसं झाली. पोप फ्रान्सिसनी २०१९ च्या डिसेंबरात त्याच गावी जाऊन गोठ्यावरच्या पत्रावर सही केली, त्यातही हे आलंय. आपण मूर्ती आणल्या आणि स्वतः बाहेर उभे राहून मोबाइलवर फोटो काढू लागलो.

डिचोलकर | १८ डिसेंबर, दुपारी १:४०

पटलं असं नाही म्हणणार, पण कळलं. नंदाघरचं लाडकं बाळ आणि मिसरात पळालेलं बाळ हा फरक मी कधी असा पाहिला नव्हता.

गोदाकाठ | १८ डिसेंबर, रात्री ९:१५

मी वास्कोत नोकरीला, मूळचा नेवासे तालुक्यातला. पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझ्या घरात चार पिढ्यांचा इतिहास आहे.

नम्रता आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. पाटलाच्या दारात चपला हातात घेऊन उभं राहायची नम्रता आमच्या अंगात मुरलेली होती. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो मान वर करता यावी म्हणून. मिशनच्या शाळेत पाटी मिळाली, नावापुढची शिवी गेली. आणि त्याच मंडळीत पुढे वरच्या बाकांवरून आम्हाला सांगण्यात आलं की प्रभूसारखे दीन व्हा. गेल्या वर्षी एका प्रार्थनासभेत (कुठे ते सोडा) हेच पुन्हा ऐकलं. वक्ता मोठ्या गाडीतून आलेला. खाली बसलेल्यांत निम्म्या बाया धुणीभांडी करणाऱ्या.

मरीयेचं गाणं लोक विसरतात. लूकचा पहिला अध्याय. बाळ पोटात असताना ती म्हणते, त्याने अधिपतींना आसनांवरून खाली ओढलं आणि दीनांना उंच केलं, भुकेल्यांना तृप्त केलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हाती लावून दिलं. गव्हाणी त्या गाण्यानंतर येते. हे गाणं वगळून गोठा वाचला की त्याचं अंगाईगीत होतं.

गोव्याबद्दल बोलायचं तर कोंफ्रारियांचा (इगर्जेच्या सणांचा मान असलेल्या भाविकांच्या मंडळांचा) विषय कोणी काढेल का? की तो डिसेंबरात काढायचा नसतो?

तर्कट | १८ डिसेंबर, रात्री ९:५०

+१. माझा ख्रिस्तजन्मावर विश्वास नाही, पण गोदाकाठ जे सांगतात त्यावर आहे.

बार्देसची_बाय | १९ डिसेंबर, सकाळी १०:२०

मी काढते. बऱ्याच जुन्या गावांत कोंफ्रारिया जातीवर होत्या. बामणांची वेगळी, चार्ड्यांची (क्षत्रिय म्हणवणाऱ्यांची) वेगळी, उरलेल्यांची वेगळी, किंवा उरलेल्यांना नाहीच. फेस्ताचा (इगर्जेच्या सणाचा) मान कोणाचा, मिरवणुकीत कोणी कुठे चालायचं, लाल झगा कोणी घालायचा यावरून भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. बाप्तिस्मा झाला, जात तशीच राहिली. धर्मपीठाने नियम बदलले, पुष्कळ ठिकाणी दारं उघडली, पण लग्नाच्या वेळी अजून काय विचारलं जातं ते इथल्या प्रत्येक कॅथलिकाला माहीत आहे. गोठ्यात गुराखी पुढे आणि राजे मागे ठेवणारी माणसं मिरवणुकीत मात्र याच्या नेमकं उलटं करतात, याची मला लाज वाटते.

उतरणं म्हणजे काय याचं उत्तर मला आमच्याच मातीत मिळतं. संत जुझे वाझ. १६५१ साली बाणावलीत जन्म, घराणं सांकवाळचं, बामण. पाद्री झाले, घराण्याचं वजन होतं, गोव्यात मानाने जगता आलं असतं. तेव्हा सिलोनचा (आताच्या श्रीलंकेचा) किनारा डच लोकांकडे होता आणि त्यांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती. तिकडच्या ख्रिस्ती लोकांना विचारणारं कोणी नव्हतं. हा माणूस १६८७ साली तिथे गेला तो मजुराच्या, भिकाऱ्याच्या वेशात, अंगावर लंगोटीवजा कपडे. किनाऱ्यावर उतरले तेव्हा हगवणीने आजारी होते. पुढे कँडीच्या राजाने हेर समजून कैदेत टाकलं. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, राजधानी ओस पडली, तेव्हा हे आणि त्यांचा भाचा मागे राहिले. टाकून दिलेल्या आजाऱ्यांसाठी झोपड्या बांधल्या, त्यांना धुतलं, पुसलं, मेलेल्यांना पुरलं. त्यात कोणाचा धर्म विचारला नाही. १६ जानेवारी १७११ ला तिथेच गेले. गोव्यात परत आले नाहीत. २०१५ साली पोपनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं.

गोदाकाठ, तुम्ही म्हणता ते मला असं दिसतं: वाझबाबांनी सिलोनच्या गरिबांना "नम्र व्हा" सांगितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. नम्र ते स्वतः झाले.

गोदाकाठ | १९ डिसेंबर, सकाळी ११:००

देव बरें करूं, बाय. एवढं सरळ उत्तर इथे मिळेल असं वाटलं नव्हतं.

वास्कोतला_घरमालक | १९ डिसेंबर, दुपारी ३:३०

वाचतोय सगळं. इथे घरमालकांच्या नावाने बोटं मोडली जाणार हे ठाऊक होतं, म्हणून आधीच बोलतो. दरवर्षी नाताळात फादर विचारतात, "आज बेथलेहेमचा दरवाजा कोण बंद करतोय?" आणि बाकावर बसलेले चार जण माझ्याकडे बघतात. माझ्या घरावर तीन खोल्या आहेत, भाड्याने देतो. अनोळखी पोरांना खोली द्यायची तर पोलिसांत पडताळणी करावी लागते, वीजबिलाची भानगड, शेजाऱ्यांची कुरकुर. एकाने भाडं बुडवून रातोरात पळ काढला. सगळ्यांना दार उघडा म्हणणं सोपं आहे, पाण्याचा टँकर मात्र मला मागवावा लागतो.

सध्या वरच्या खोलीत झारखंडची पोरं आहेत, बांधकामावर जातात. ख्रिस्तीच आहेत. रात्री गाणी म्हणतात, खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार असते.

नगरकर_मडगावात | १९ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

मालक, तुमची बाजू घेतो. लूकमध्ये धर्मशाळेचा मालक नाहीच! नाटकांमध्ये आणि उपदेशांत आपण त्याला उभा केला आणि दोन हजार वर्षं बिचाऱ्याला शिव्या घातल्या. मजकुरात एवढंच आहे की जागा नव्हती. कोण जाणे, ज्याने जनावरांजवळ का होईना आडोसा दिला तोही तोच असेल.

मेंढपाळांचंही असंच. ते समाजातून वाळीत टाकलेले होते, त्यांची साक्ष चालत नसे, असं व्यासपीठावरून ठोकून दिलं जातं. लूक तसं म्हणत नाही. ते रात्री कळप राखत होते, म्हणजे कामावर होते, एवढंच तो सांगतो. शिवाय दावीद राजा याच बेथलेहेमचा, आणि तोही मेंढरं राखणारा. मला मेंढपाळांना जास्त हीन करायची गरज वाटत नाही. जी माणसं लोक झोपलेले असताना जागी असतात त्यांना बातमी आधी कळली, हे मला पुरेसं आहे.

पोदेराची_नात | १९ डिसेंबर, रात्री ११:५५

रात्रपाळीवरून लिहितेय, म्हणून राहवलं नाही. मी किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात रिसेप्शनला. चोवीस तारखेची रात्र म्हणजे आमच्या हंगामाचा कळस. मिसा द गालोला (नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसेला) जाऊन मला बरीच वर्षं झाली. लॉबीत सुंदर गोठा आहे, डेकोरेटरने केलेला. पाहुणे त्याच्यापुढे फोटो काढतात आणि मी त्यांना खोलीची चावी देते. जागा नाही म्हणून परत पाठवायचं कामही माझंच, ऑनलाइन बुकिंग नसेल तर.

उपदेश ऐकायला मी तिथे नसतेच, त्यामुळे त्यात काय सांगतात याचा मला फारसा ताप नाही. हां, घरी मामी फोनवर म्हणते, "नाताळाच्या रातीं देवाक सोडून पयशांफाटल्यान." तेव्हा मात्र लागतं. आजोबा पोदेर (पाव भाजणारे) होते. नाताळाच्या पहाटेही भट्टी पेटायची, कारण गावाला पाव लागायचा. त्यांना कोणी देवाला सोडलं म्हणालं नाही.

यंदा मात्र गंमत झालीय. आमच्या हाउसकीपिंगमधला एक पेडण्याचा दादा, हिंदू, त्याने आपणहून चोवीसची रात्र माझ्यासाठी उभी राहीन म्हणून सांगितलं. सुपरवायझरने मान्यही केलं. चवथीला (गणेशचतुर्थीला) मी त्याची पाळी केली होती. नगरकर, तुम्ही विचारलं होतंत, सोडायचं म्हणजे काय करायचं. मला एवढंच सुचतं. आमच्याकडे मॅनेजर लोक चोवीसला सुट्टीवर असतात. त्यांच्यातला एक जण जरी म्हणाला की आज मी डेस्क बघतो, तुम्ही जाऊन या, तर मला त्या वर्षी वेगळा उपदेश लागणार नाही.

नगरकर_मडगावात | २० डिसेंबर, सकाळी ६:५०

पोदेराची नात, मी गोल गोल फिरत होतो, तू सरळ सांगितलंस. माझ्या हाताखाली ऑफिसात चार जण आहेत. पंचवीसला एकाला थांबावं लागतं, आणि तो "एक" नेहमी सगळ्यांत नवा पोरगा असतो. मी कधी थांबलेलो नाही. यंदाची यादी अजून लागायची आहे.

तर्कट | २० डिसेंबर, सकाळी ८:१०

एक शंका. मॅनेजरने एक रात्र डेस्क सांभाळला तर पगारातला फरक मिटतो का? वर्षातून एकदा उतरायचं आणि सव्वीसला परत चढायचं, हे मला गोठ्यातल्या धबधब्यासारखंच वाटतं. स्विच बंद केला की पाणी बंद.

गोदाकाठ | २० डिसेंबर, सकाळी ९:००

बरोबर. म्हणून तर पौल मधेच थांबत नाही, मरणापर्यंत आज्ञांकित झाला असं लिहितो. एका रात्रीने पगार बदलत नाही. पण डेस्कवर एक रात्र उभं राहिलेल्या मॅनेजरला पुढच्या पगारवाढीच्या बैठकीत थोडं वेगळं बोलावं लागेल, एवढी आशा मी ठेवतो. आमच्या पणजोबांच्या शाळेतला मास्तर पहिल्या दिवशी त्यांच्याच भांड्यातून पाणी प्यायला होता, असं घरात सांगतात. त्याने अस्पृश्यता गेली नाही. पण पणजोबा दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

मालक, तुम्हाला एक सुचवू? त्या झारखंडच्या पोरांचं काय करणार आहात पंचवीसला?

वास्कोतला_घरमालक | २० डिसेंबर, सकाळी ९:४०

बायको म्हणते त्यांना जेवायला बोलवूया. सोरपोतेल, सान्नां, दोदोल. गच्चीवर टेबल लावू.

गोदाकाठ | २० डिसेंबर, सकाळी ९:५५

चांगलंच आहे. पण त्यात यजमान तुम्हीच राहता. ती पोरं अंग चोरून बसतील, दोन घास खातील, "थँक्यू अंकल" म्हणतील आणि वर जातील. उलटं करून बघा. त्यांनाच विचारा, तुमच्या खोलीत आम्ही जेवायला आलो तर चालेल का. ती जे रांधतील ते खा. जमिनीवर बसावं लागेल, तुमच्या गुडघ्यांचं तुम्ही बघा.

वास्कोतला_घरमालक | २० डिसेंबर, दुपारी १२:३०

हे अवघड आहे, खरं सांगतो. बायकोला वाचून दाखवलं, ती गप्पच झाली. मग म्हणाली, आपण त्यांच्या खोलीत भाडं मागायलाच गेलोय आजवर.

विचारून आलो आत्ताच, जेवणाच्या सुट्टीत एक जण घरी होता. तो आधी घाबरला, त्याला वाटलं खोली खाली करायला सांगतोय. मग म्हणाला पंचवीसला काम आहे, ठेकेदार सोडत नाही, सव्वीसला रात्री या. कोंबडी आणि भात करणार आहेत. बाकीच्यांना कळवायला धावला.

पोदेराची_नात | २० डिसेंबर, दुपारी १२:४५

पाव मी पाठवते. आमच्या भट्टीवरचे, गरम.

तर्कट | २० डिसेंबर, दुपारी १:०५

मालक, खालच्या मजल्यावर तक्रार करणारे आहेत ना, त्यांनाही घेऊन जा वर. गाण्यांचं तिथेच मिटवा.

वास्कोतला_घरमालक | २० डिसेंबर, दुपारी १:१५

खोली दहा बाय बाराची आहे हो.

बार्देसची_बाय | २० डिसेंबर, दुपारी १:३०

मग दाराबाहेर जिन्यावर बसा!